विश्लेषण : आभाळ आले की अळी खरेच ‘पडते’ का? पावसाच्या झडीत ती शोधायची कशी?

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत ऑगस्टमध्ये चार दिवस आभाळ भरून राहिले, पावसाची रिपरिप सुरू झाली, की सोयाबीन उत्पादकांच्या तोंडी एकच वाक्य येते : ‘आता अळी पडणार.’ कृषी सेवा केंद्रांवर गर्दी होते. शेजाऱ्याने फवारा मारला म्हणून आपणही मारायचा, असे ठरते. प्रत्यक्ष रानात उतरून अळी किती आहे, कोणती आहे, हे पाहणारे मात्र थोडे. चिखल असतो, पाने ओली असतात, आणि अळी सहजासहजी दिसतही नाही. पण खर्चाचा, पिकाचा आणि कधी कधी जीवाचाही निर्णय याच पाहणीवर अवलंबून असतो. खराब हवामानात पतंगवर्गीय किडींच्या अळ्या कशा शोधतात, त्यांचे आणि ढगाळ हवेचे नाते काय, याचा हा आढावा.

अळी म्हणजे नेमके काय?

अळी ही पतंगाच्या किंवा फुलपाखराच्या आयुष्यातील दुसरी अवस्था. अंडी, अळी, कोष आणि पतंग असा हा क्रम असतो. खाण्याचे बहुतेक काम अळीच्याच वाट्याला येते. पतंग फुलातील मध पितो आणि अंडी घालतो, पिकाची पाने तो खात नाही. त्यामुळे नुकसान करणारी असते ती अळी. पतंग दिसणे ही तिची आगाऊ सूचना.

सगळ्या अळ्या शत्रू नसतात, हेही लक्षात घ्यायला हवे. किनवट-माहूरच्या जंगलात, बांधावरच्या झुडपांवर, घराजवळच्या कण्हेरीवर शेकडो प्रकारच्या अळ्या वाढतात. त्या पक्ष्यांचे, विशेषतः पिल्लांचे मुख्य अन्न आहेत. पिकाचे खरे नुकसान करणाऱ्या जाती हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच आहेत.

नांदेड-लातूर पट्ट्यात कोणत्या अळ्या महत्त्वाच्या?

सोयाबीनवर प्रामुख्याने तीन. पहिली हिरवी उंटअळी. तिला पोटाखाली तीनच जोड्या मांसल पाय असतात, त्यामुळे चालताना ती पाठीला उंटासारखा बाक देते. दुसरी तंबाखूवरील पाने खाणारी अळी, म्हणजेच स्पोडोप्टेरा. तिची मादी पानाच्या मागे पुंजक्याने शेकडो अंडी घालते आणि त्यावर स्वतःच्या अंगावरचे तपकिरी केस पसरते. तिसरी केसाळ अळी. तीही लहानपणी घोळक्याने राहते.

कपाशीवर गुलाबी बोंडअळी, म्हणजे शेंदरी बोंडअळी, ही मोठी डोकेदुखी. तूर आणि हरभऱ्यावर घाटेअळी. तुरीवर तिच्या जोडीला पिसारी पतंगाची अळी येते. मक्यावर अमेरिकन लष्करी अळी. ही शेवटची अळी भारतात प्रथम २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. डोक्यावर इंग्रजी ‘वाय’ अक्षराची उलटी खूण आणि शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके, ही तिची ओळख.

ढगाळ हवा आणि अळी यांचा संबंध खरा की समज?

संबंध खरा आहे, पण तो आपण समजतो तसा सरळ नाही.

अळी आभाळातून पडत नाही. स्पोडोप्टेराची अंडी साधारण तीन ते पाच दिवसांत फुटतात आणि अळी पुढे दोन ते तीन आठवडे खात राहते. म्हणजे आज आभाळ आले आणि आजच शेतात बोटभर अळी दिसली, तर ती आजच्या आभाळाने आलेली नाही. तिची अंडी पंधरवड्यापूर्वी, कदाचित लख्ख उघडीप असताना घातली गेली होती. अळीचा आकार हे तिचे वयाचे प्रमाणपत्रच असते.

मग ढगाळ हवेत अळ्या जास्त का दिसतात? याची चार कारणे आहेत. एक, कडक उन्हात आणि कोरड्या हवेत अंडी व नुकत्याच निघालेल्या अळ्या सुकून मरतात. दमट हवेत त्या वाचतात. दोन, स्पोडोप्टेरासारख्या अळ्या मुळात रात्रीच्या. उन्हात त्या जमिनीच्या भेगांत, पालापाचोळ्याखाली दडतात. आभाळ असले की दिवसाही पानावर राहतात. म्हणजे काही वेळा संख्या वाढलेली नसते, नुसते दिसणे वाढलेले असते. तीन, पावसाने पिकाला कोवळी, लुसलुशीत पालवी फुटते. चार, झडीत फवारणी करता येत नाही, केली तर धुऊन जाते.

याची दुसरी बाजूही आहे. जोराचा पाऊस लहान अळ्या आणि अंडी पानावरून धुऊन टाकतो. पाणी साचलेल्या रानात जमिनीतील कोष मरतात. म्हणून रिमझिम आणि मुसळधार यांना एकाच मापाने मोजता येत नाही. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात जशी अतिवृष्टी झाली, तशी झाली तर अळीचा प्रश्न मागे पडतो आणि पीक वाचवण्याचाच प्रश्न उभा राहतो.

या पाहणीची सरकारी यंत्रणा आहे का?

आहे, आणि तिच्या जन्माला अळीच कारणीभूत ठरली. २००८ च्या खरिपात विदर्भ आणि मराठवाड्यात सोयाबीनवर स्पोडोप्टेराचा मोठा उद्रेक झाला. कीड लक्षात आली तोवर लाखो हेक्टरवरील पाने चाळणीसारखी झाली होती. त्यानंतर २००९-१० पासून राज्याच्या कृषी विभागाने ‘क्रॉपसॅप’ हा पिकांवरील कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू केला. नेमलेल्या गावांतील शेतांना ठरावीक दिवशी भेट द्यायची, किडी मोजायच्या, आकडे संगणकावर भरायचे आणि त्यावरून कृषी विद्यापीठाने सल्ला द्यायचा, अशी त्याची रचना. मराठवाड्यासाठी हा सल्ला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून येतो. नांदेडचे कापूस संशोधन केंद्र आणि लातूरचे गळीतधान्य संशोधन केंद्र याच विद्यापीठाचे.

पण कोणतीही यंत्रणा प्रत्येक शेतात पोहोचू शकत नाही. एका शिवारात एका रानात अळीचा कहर आणि दोन बांध ओलांडले की काहीच नाही, असे नेहमी घडते. म्हणून आपल्या रानाची पाहणी आपणच करावी लागते.

ओल्या रानात अळी शोधायची कशी?

पहिला नियम वेळेचा. सकाळी लवकर किंवा सूर्य मावळताना जावे. दिवसभर आभाळ असेल तर मधली वेळही चालते. सलग झड असेल तर उघडीप मिळताच तासाभरात पाहणी उरकावी. वाफसा नसताना काळ्या रानात फार फिरू नये. माती दबते आणि ओल्या पानांना घासत गेल्याने रोगाचे जंतूही एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. बांधाच्या कडेने आत शिरून चार-पाच ठिकाणे पाहिली तरी अंदाज येतो. मात्र ती ठिकाणे शेताच्या वेगवेगळ्या भागांत हवीत. फक्त बांधालगतच्या ओळी पाहून निष्कर्ष काढू नये.

दुसरा नियम : अळीच्या आधी तिची खूण शोधा. झाडाकडे वरून पाहिले तर अळी क्वचितच दिसते. पान उलटून पाहावे. पानाचा हिरवा भाग खरवडून फक्त पातळ, कागदासारखा पापुद्रा उरला असेल, तर तिथे लहान अळ्यांचा घोळका आहे किंवा होता. असे पान लांबूनही पांढरट दिसते. हे पान तोडून नष्ट केले तर एका हातात शेकडो अळ्या संपतात. अळी मोठी होऊन पांगली की ही संधी गेली.

तिसरी खूण विष्ठेची. पानावर किंवा पानाच्या बेचक्यात हिरवे-काळे दाणे पडलेले असतील तर वर कुठेतरी अळी आहे. दाणे ओलसर व हिरवे असतील तर ताजे, कोरडे व काळे असतील तर जुने. पावसात इथेच फसगत होते : पाऊस ही विष्ठा धुऊन नेतो. त्यामुळे पावसानंतर दाणे दिसले नाहीत, याचा अर्थ अळी नाही असा होत नाही. अशा वेळी खाल्लेल्या पानाची कड पाहावी. कड हिरवी व ओली असेल तर खाणे ताजे. तपकिरी होऊन वाळली असेल तर खाणारी अळी पुढे गेली आहे किंवा कोषात शिरली आहे.

कापड अंथरून मोजण्याची पद्धत काय?

सोयाबीनच्या दोन ओळींमध्ये पांढरे कापड किंवा खताची रिकामी, धुतलेली गोणी अंथरायची. एक मीटर लांबीच्या ओळीतील झाडे त्यावर वाकवून हलक्या हाताने झटकायची. खाली पडलेल्या अळ्या मोजायच्या. असे चार-पाच ठिकाणी करून सरासरी काढायची. तुरीचे झाड हलवून गोणीवर अळ्या गोळा करण्याची पद्धतही याच जातीची.

पाने ओली असताना मात्र ही पद्धत फसते. अळी ओल्या पानाला चिकटून राहते, कापडावर पाण्याचा सडा पडतो आणि त्यात बारीक अळ्या दिसेनाशा होतात. म्हणून पाने सुकेपर्यंत थांबावे. थांबणे शक्य नसेल तर झटकण्याऐवजी त्याच एक मीटर ओळीतील पाने एकेक उलटून डोळ्यांनी मोजावीत. मोबाइलची बॅटरी पानाच्या मागून धरली तर पानावरची अळी सावलीसारखी उठून दिसते. मोबाइल पारदर्शक पिशवीत ठेवला तर पावसाचीही भीती नाही.

बोंडाच्या आत दडलेल्या अळीचे काय?

गुलाबी बोंडअळी बाहेरून दिसत नाही. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात फुलात किंवा बोंडात शिरते आणि शिरल्याचे छिद्रही बुजून जाते. तिच्या दोन खुणा आहेत. पहिली ‘डोमकळी’ : फूल उमलण्याऐवजी पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या राहतात. दुसरी खूण मिळवायला बोंड फोडावे लागते. शेतातून वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडे तोडून फोडावीत. त्यातील दोन बोंडांत अळी सापडली, तर प्रादुर्भाव १० टक्के झाला असे समजतात आणि उपाय करावा लागतो. २०१७ मध्ये राज्यभर या अळीने कपाशीचे जे नुकसान केले, त्यात बाहेरून निरोगी दिसणाऱ्या बोंडांवरचा विश्वास हेही एक कारण होते.

कामगंध सापळे पावसात चालतात का?

चालतात, पण त्यांचे आकडे समजून वाचावे लागतात. कामगंध सापळ्यात मादीच्या गंधासारखा गंध असलेली गोळी असते. त्याला भुलून फक्त नर पतंग येतात. पिकाच्या शेंड्यापेक्षा साधारण फूटभर उंचीवर सापळा लावतात आणि गोळी तीन-चार आठवड्यांनी बदलतात. कपाशीत सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात रोज आठ किंवा त्याहून अधिक पतंग आले, तर तो धोक्याचा इशारा मानला जातो.

जोराचा पाऊस आणि वारा असलेल्या रात्री पतंग उडत नाहीत. त्या रात्रीचा शून्य हा खरा शून्य नव्हे. म्हणूनच एका दिवसाच्या आकड्यावर नव्हे, तर सलग दिवसांच्या आकड्यांवर निर्णय घेतात. पिशवीत पाणी साचले असेल तर ते काढून टाकावे. कुजलेले पतंग मोजता येत नाहीत. प्रकाश सापळ्याचेही तसेच. पौर्णिमेच्या आसपास आणि मुसळधार पावसात तो रिकामा राहतो. उबदार, दमट, ढगाळ आणि वारा नसलेल्या रात्री भरून जातो.

मेलेली अळी पाहिलीत का?

पाहणीत हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि अनेकदा तोच सर्वात महत्त्वाचा असतो. सतत दमट हवा असली की काही अळ्या पानावर ताठ होऊन, पांढऱ्या पिठात लोळवल्यासारख्या दिसतात. पुढे हे पीठ फिकट हिरवे होते. ही किमया नोमुरिया नावाच्या बुरशीची. तिला आता मेटारायझियम रायलेयी म्हणतात. ती पिकाला काही करत नाही, फक्त अळ्यांना मारते. मेलेल्या अळीवरची भुकटी वाऱ्या-पावसाने पसरून इतर अळ्यांनाही लागते. म्हणजे जे आभाळ अळी वाढवते, तेच तिची साथही आणते.

काही अळ्या झाडाच्या शेंड्यावर चढून खाली डोके करून लोंबकळत मरतात, अंग काळपट व पातळ होते. हा विषाणूचा रोग. काही अळ्यांच्या शेजारी तांदळासारखे पांढरे कोष दिसतात. ते अळीच्या अंगात वाढलेल्या परोपजीवी गांधीलमाशीचे असतात. अशा मेलेल्या व रोगट अळ्यांची संख्या लक्षणीय असेल, तर थोडे थांबून दोन दिवसांनी पुन्हा मोजणे शहाणपणाचे. घाईने मारलेल्या फवाऱ्याने हे मित्रही मरतात.

फवारणी केव्हा करायची, हे कसे ठरते?

एक-दोन अळ्या दिसल्या म्हणून फवारणी करायची नसते. अळीने होणारे नुकसान फवारणीच्या खर्चाहून जास्त होईल, अशी वेळ आली की फवारणी परवडते. या पातळीला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी ती साधारणपणे एक मीटर ओळीत तीन ते चार अळ्या अशी सांगितली जाते. पीक कोणत्या अवस्थेत आहे, त्यानुसार ती बदलते. हरभऱ्यात घाटेअळीसाठी एक मीटर ओळीत एक ते दोन अळ्या. त्याच्या खाली असाल तर पक्षी थांबे उभारणे, अंडीपुंज व जाळीदार पाने तोडणे, पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी हे उपाय पुरतात.

अळीचे वयही पाहावे. लहान अळीवर सौम्य उपायही चालतो. पूर्ण वाढलेली अळी औषधाला दाद देत नाही, आणि दोन-तीन दिवसांत ती तशीही कोषात जाणार असते. तिच्यावर पंपामागून पंप रिकामे करण्यात पैसे जातात, हाती काही लागत नाही.

चुकीच्या अंदाजाची किंमत काय?

नुसती पैशांची नव्हे. २०१७ मध्ये नांदेडच्या शेजारच्या, पैनगंगेपलीकडील यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला. डोक्याइतक्या उंच वाढलेले पीक, दमट हवा, वारंवार फवारणी, औषधांची मिश्रणे आणि संरक्षक साधनांचा अभाव अशी कारणे तेव्हा पुढे आली. अनावश्यक फवारणी टाळणे म्हणजे फवारणी करणाऱ्या माणसाला एका धोक्यातून सोडवणे. पाहणीसाठी दिलेला अर्धा तास यासाठीही महत्त्वाचा.

पाहणी करणाऱ्याने स्वतःची काळजी कशी घ्यावी?

मराठवाड्यात वीज पडून दरवर्षी माणसे आणि जनावरे दगावतात. गडगडाट ऐकू आला की रानातून निघावे. झाडाखाली उभे राहू नये. विजेची आगाऊ सूचना देणारे ‘दामिनी’ हे अ‍ॅप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केले आहे. ते मोबाइलमध्ये असावे. हवामान विभागाचे ‘मेघदूत’ अ‍ॅप पिकांसाठीचा सल्ला मराठीत देते. पायात गमबूट घालावेत. पावसाने बिळातून बाहेर पडलेल्या सापांपासून तेच संरक्षण. केसाळ अळीला उघड्या हाताने शिवू नये, अंगावर गांधी उठू शकतात.

अळी ओळखता आली नाही तर?

ती मारून टाकण्याआधी तिचा फोटो घ्यावा. वरून एक पुरत नाही; बाजूने एक घ्यावा म्हणजे पायांच्या जोड्या मोजता येतात, आणि डोक्याचा जवळून एक. सोबत पीक, गाव, तारीख लिहावी. हे फोटो गावच्या कृषी सहायकांना किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला पाठवता येतात. नांदेड जिल्ह्यात सगरोळी आणि पोखर्णी येथे अशी केंद्रे आहेत. अळी सोबत न्यायची असेल तर भोके पाडलेल्या डबीत, ती ज्या झाडावर सापडली त्याचेच पान घालून न्यावी. पान आधी पुसून कोरडे करावे. ओल्या पानावर बंद डबीत अळी रोग लागून मरते. शाळकरी मुलांनी अशी एखादी अळी कोषापर्यंत आणि कोषातून पतंग निघेपर्यंत पाळून पाहिली, तर कीटकशास्त्राचा तो उत्तम धडा ठरेल. जगभरचे निसर्गप्रेमी २०१२ पासून जुलैच्या अखेरीस पतंग सप्ताह पाळतात. आपल्याकडे तो नेमका भर पावसाळ्यात येतो.

थोडक्यात काय लक्षात ठेवायचे?

आभाळ आले म्हणून फवारणी नाही आणि अळी दिसली नाही म्हणून निर्धास्तपणाही नाही. उघडीप मिळताच रानात जायचे, पाने उलटायची, एक मीटर ओळ मोजायची, जिवंत अळ्यांबरोबर मेलेल्याही मोजायच्या, आणि आकडा तारखेसह वहीत लिहायचा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच. दोन आकडे शेजारी ठेवले की अळी वाढते आहे की ओसरते आहे, हे वही स्वतःच सांगते. त्यानंतर कृषी सेवा केंद्राच्या पायऱ्या चढायच्या की घरी परतायचे, हे ठरवणे अवघड राहत नाही.